दिजाँला पाणी देणारा इंजिनिअर

नळ सोडला की पाणी येतं, याचं आपल्याला काहीच वाटत नाही. फ्रान्समधल्या दिजाँ शहराला मात्र १८४० पर्यंत हे सुख ठाऊक नव्हतं. विहिरींचं पाणी खराब आणि सुझाँ ओढा म्हणजे उघडं गटारच. हे चित्र पालटलं आन्री दार्सी यांनी.

त्यांचा जन्म १८०३ साली दिजाँमध्येच झाला. चौदाव्या वर्षी वडील गेले. घरात पैसा बेताचा, पण आईने कर्ज काढून मुलांना शिकवलं. पॅरिसला शिकून दार्सी सरकारी इंजिनिअर झाले आणि आपल्याच गावी परतले. रोझ्वारच्या झऱ्यापासून सुमारे साडेबारा किलोमीटर लांबीचा बंदिस्त पाट बांधून त्यांनी पाणी शहरात आणलं. पंप एकही नाही, सगळं उताराच्या जोरावर! रस्त्यारस्त्यावर सार्वजनिक नळ बसले आणि गरिबांनाही चांगलं पाणी मिळू लागलं. या कामाची मोठी रक्कम त्यांना मिळत होती, ती त्यांनी नाकारली.

एवढं करूनही १८४८ च्या क्रांतीनंतर राजकारणापायी त्यांना दिजाँ सोडावं लागलं. पुढे पॅरिसमध्ये मोठं पद मिळालं, पण तब्येत ढासळली. दुसरा कोणी असता तर स्वस्थ बसला असता. दार्सी १८५५ मध्ये दिजाँच्या इस्पितळात वाळू भरलेला उंच लोखंडी नळ उभा करून त्यातून पाणी सोडत, मोजत बसले. प्रश्न साधाच होता: वाळूतून पाणी गाळायचं तर ते किती वेगाने जाईल? उत्तरही साधं निघालं. दाबातला फरक दुप्पट केला की प्रवाह दुप्पट होतो. थर दुप्पट जाड केला की निम्मा होतो. १८५६ साली दिजाँच्या पाणीपुरवठ्यावरच्या जाडजूड ग्रंथात, तेही एका परिशिष्टात, त्यांनी हा नियम छापला. जानेवारी १८५८ मध्ये ते गेले.

आज भूजल आणि खनिज तेल यांचा हिशोब याच नियमावर चालतो. सच्छिद्र थरात भरलेला चुंबकीय द्रव खालून तापवला, तर तो नेमका केव्हा अस्थिर होऊन वर उसळू लागतो, हे शोधणाऱ्यांची समीकरणंही बहुधा दार्सींपासूनच सुरू होतात. असा द्रव दार्सींनी कधी पाहिलाही नव्हता. त्यांना फक्त आपल्या गावच्या पाण्याची काळजी होती.