झील धरणारे

तर झालं असं, की हॉस्टेलच्या गॅदरिंगला आमच्या मजल्यावरच्या मुलींनी या वेळी शाहिरी करायचं ठरवलं. अण्णाभाऊ साठे यांची छक्कड, 'माझी मैना'. माझी रूममेट वाळवा तालुक्यातली, म्हणजे थेट अण्णाभाऊंच्या मुलखातली. गळा तिचा, डफ तिचा आणि हट्टही तिचाच. मी मोठ्या हौसेने पुढे झाले, दोन ओळी म्हणून दाखवल्या, आणि सगळ्या जणी लोळून लोळून हसल्या. माझा 'ळ' म्हणे 'ल'च्या जवळ जातो आणि 'चाक'मधला च अन् 'चहा'मधला च मला वेगळा काढता येत नाही! बारा वर्षं कॉन्व्हेंटमध्ये काढल्यावर दुसरं काय होणार? शेवटी मला मागच्या रांगेत उभं केलं. काम एकच, झील धरायची. शाहिराची ओळ संपली की मागून 'जी जी रं जी' करायचं, बस्स.

मला जाम राग आला. रविवारी मुलुंडला आजोबांकडे गेले आणि तक्रार केली. आजोबांचं लहानपण परळच्या चाळीत गेलं, पुढे गिरणीत नोकरी. ते हसले नाहीत. त्यांनी मला शांतपणे समजावलं, की शाहीर काही यंत्र नाही, त्याला श्वास घ्यावा लागतो. तो श्वास घेत असताना गाणं खाली पडू न देणं हे झीलकऱ्याचं काम. झील तुटली की चांगला शाहीरसुद्धा उघडा पडतो. मग ते अण्णाभाऊ, अमर शेख आणि गव्हाणकर या तिघांबद्दल बोलत राहिले. शाळकरी वयात चाळीतल्या मोठ्या पोरांबरोबर ते सभांना जायचे आणि मैदानात शाहिरांची वाट बघत बसायचे. मी तोवर अण्णाभाऊंना फक्त १ ऑगस्टच्या बॅनरवर पाहिलं होतं. बाकीची दोन नावं तर ऐकलीही नव्हती.

परत आले आणि लायब्ररीतून जे मिळालं ते वाचायला घेतलं. तेही सबमिशनच्या आठवड्यात! जर्नल अपूर्ण राहिलं, पण त्याचं मला काही वाटलं नाही.

अण्णाभाऊंचं खरं नाव तुकाराम भाऊराव साठे. जन्म १ ऑगस्ट १९२०, गाव वाटेगाव. तेव्हा हा भाग सातारा जिल्ह्यात होता, आता सांगलीत आहे. घर मातंग समाजातलं. त्या काळी या जातीवर सरकारने गुन्हेगार असा शिक्का मारलेला होता, म्हणजे काही न करताच माणूस संशयित! शाळा जेमतेम दीड दिवस झाली. १९३०च्या सुमारास दुष्काळ आणि दारिद्र्य यांना कंटाळून हे कुटुंब मुंबईला निघालं. गाडीभाड्याला पैसे नव्हते, म्हणून चालत. वाटेगाव ते मुंबई सव्वातीनशे किलोमीटरच्या वर अंतर आहे. वाटेत मिळेल ते काम करायचं, पोट भरायचं आणि पुढे निघायचं, असे कित्येक महिने गेले. आपण अंधेरी ते घाटकोपर मेट्रोत उभं राहावं लागलं तरी कुरकुर करतो.

मुंबईत भायखळ्याला बिऱ्हाड झालं. या मुलाने कोळसे वेचले, फेरीवाल्याच्या मागे गाठोडं वाहिलं, पुढे गिरणीत काम केलं. वाचायला तो शिकला ते दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाच्या पोस्टरांवरून. मधे गावी परत गेल्यावर चुलतभाऊ बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात शिरला. तिथे ढोलकी, पेटी, बतावणी, वग असं सगळं अंगात मुरलं. मुंबईत परतल्यावर माटुंग्याच्या लेबर कॅम्पात कम्युनिस्ट पक्षाचे कार्यकर्ते भेटले आणि अण्णाभाऊ गाणी रचू लागले. लेबर कॅम्पातल्या डासांवरही त्यांनी गाणं रचलं होतं. आपल्या हॉस्टेलवर तर आख्खा पोवाडा होईल!

पण त्यांना नाव मिळवून दिलं ते 'स्टालिनग्राडचा पोवाडा' या रचनेने. साल १९४३. दीड दिवस शाळेत गेलेला गिरणी कामगार रशियातल्या एका शहराच्या लढाईवर पोवाडा रचतो आणि मुंबईचे कामगार तो मन लावून ऐकतात, ही गोष्ट मला अजूनही अजब वाटते. त्यांनी तिथला पराक्रम अगदी घरच्या भाषेत सांगितला असणार, नाहीतर परळच्या माणसाला स्टालिनग्राडशी काय देणंघेणं?

१९४४ साली लाल बावटा कलापथक उभं राहिलं. तिघे जण पुढे होते. अण्णाभाऊ वाटेगावचे. अमर शेख सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीचे, मूळ नाव मेहबूब, जन्म १९१६. त्यांनी बसवर क्लीनरचं काम केलं होतं, गिरणीतही घाम गाळला होता आणि गाणं त्यांना आईकडून मिळालं होतं. तिसरे द. ना. गव्हाणकर, स्वतः शाहीर आणि कवी. एक मातंग, एक मुसलमान, तिसऱ्याचं घर आणखी वेगळं. डफावर थाप पडली की ऐकणाऱ्याला यातलं काही आठवत नसे. आजोबा सांगतात, की अमर शेखांचा आवाज पहाडी होता, मैदानाच्या शेवटच्या माणसाला वाटे की आपल्याच कानाशी गातायत. आमच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या भाषेत सांगायचं तर सिग्नल तगडा, नॉईज शून्य!

या पथकाने बंगालच्या दुष्काळावर गाणी केली, गिरणी कामगारांच्या संपात गाणी केली. पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते अण्णाभाऊंनी तमाशाचं जे केलं ते. तमाशाची जुनी रचना ठरलेली असते. आधी गण, म्हणजे गणपतीला वंदन. मग गौळण, बतावणी आणि शेवटी वग. अण्णाभाऊंनी गणात गणपतीच्या जागी मातृभूमीला, शिवरायांना आणि कष्टकऱ्यांना वंदन आणलं. गौळण काढून टाकली. वगात राजा-राणीच्या ऐवजी सावकार, शेठजी आणि निवडणुकीचे उमेदवार आले. 'अकलेची गोष्ट' (१९४५) आणि 'शेटजींचे इलेक्शन' ही त्यातली गाजलेली नावं. पठ्ठे बापूरावांनी मुंबईच्या थाटामाटावर लावणी केली होती. अण्णाभाऊंनी मुंबईवरच दुसरी लावणी केली आणि मलबार हिलच्या शेजारी परळ उभं करून दाखवलं.

सरकारला हे झोंबलं. मोरारजी देसाई तेव्हा मुंबई प्रांताचे गृहमंत्री होते. तमाशावर बंदी आली, कलापथकाचेही कार्यक्रम अडवले गेले. अण्णाभाऊंनी काय करावं? तमाशा हे नाव बाजूला ठेवलं आणि तोच खेळ लोकनाट्य म्हणून सुरू ठेवला! आज आपण लोकनाट्य हा शब्द किती सहज वापरतो. तो रुळला त्याच्यामागे ही बंदीही आहे. १९४९ साली ते इप्टा या देशभरातल्या नाट्यसंघटनेचे अखिल भारतीय अध्यक्ष झाले.

मग आला संयुक्त महाराष्ट्राचा लढा. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवायचं जाहीर झालं, लोक रस्त्यावर उतरले, गोळीबार झाले, शंभरावर माणसं गेली. याच काळात 'माझी मैना' घराघरांत पोचली. वरवर पाहिलं तर पोटासाठी मुंबईला आलेल्या एका माणसाचं हे गाणं. बायको गावाकडे आहे आणि त्याचा जीव तिच्यात अडकलाय. अर्ध्यावर हे गाणं वळण घेतं. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव असा मराठी मुलूखही असाच आपल्यापासून दूर राहिला, असं शाहीर सांगतो आणि मैना म्हणजे कोण हे ऐकणाऱ्याला कळतं. समोर बसलेल्या हजारो कामगारांच्या बायका गावाकडेच होत्या. त्यांना वेगळं काही समजवायची गरजच नव्हती. आजोबांचे वडीलही असेच एकटे आले होते. आजी कोकणातून चार वर्षांनी आली. हे गाणं निघालं की आजोबा थोडा वेळ गप्प होतात, त्याचं कारण मला आत्ता कळलं.

१ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, मुंबईसह. बेळगाव आणि कारवार राहिलेच.

अण्णाभाऊ घाटकोपरच्या चिराग नगरमध्ये झोपडीत राहत होते. हो, आपल्याच घाटकोपरला! पश्चिमेला उतरून मी किती वेळा शॉपिंग केली असेल, मला पत्ताही नव्हता. याच वस्तीत बसून त्यांनी लिहिलं. तीसहून जास्त कादंबऱ्या, कथा, लोकनाट्यं. वस्तीतल्या माणसांवरच्या कथांचं 'चिरागनगरची भुतं' हे पुस्तकही आहे. 'फकिरा' १९५९ साली आली. भुकेल्या गावासाठी इंग्रजांशी वैर घेणाऱ्या मातंग वीराची ही कादंबरी त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली आणि १९६१ साली तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले आणि प्रवासवर्णन लिहिलं. चालत मुंबईला आलेला मुलगा विमानाने मॉस्कोला! त्यांच्या कादंबऱ्यांवर सात-आठ सिनेमेही निघाले.

इथे एक गोष्ट मात्र बोचते. पुरस्कार मिळाला, सिनेमे झाले, पण पैसा काही हाताशी राहिला नाही. महाराष्ट्र मिळाल्यावर मैदानं हळूहळू रिकामी झाली आणि कलापथकाचे ते दिवसही संपले. शेवटची वर्षं हलाखीत आणि एकटेपणात गेली. सरकारकडून गोरेगावला सिद्धार्थ नगरमध्ये घर मिळालं होतं, तिथेच १८ जुलै १९६९ रोजी ते गेले. वय फक्त ४८. पुढच्या दीड महिन्यात, २९ ऑगस्टला, अमर शेखही मोटार अपघातात गेले. एकाच पावसाळ्यात शब्दही गेला आणि आवाजही गेला.

मला वाटतं झील तिथे तुटली. ज्या माणसाने हजारोंना धीर दिला, त्याचा श्वास कमी पडला तेव्हा मागून कोणीच ओळ धरली नाही.

आता त्यांचं टपाल तिकीट आहे (२००२), मॉस्कोत पुतळा आहे (२०२२), चिराग नगरच्या स्मारकाचं बोलणंही कित्येक वर्षं चाललेलं आहे. हे सगळं छानच. पण माझ्या रूममेटने एका रात्री मला सरळ प्रश्न केला, की १ ऑगस्टला मिरवणूक फक्त आमच्याच वस्तीतून का निघते? माझ्याकडे उत्तर नव्हतं. मैना ऐकून रडणारे माझे पणजोबा तिच्या जातीचे नव्हते, मुंबई मात्र दोघांनाही मिळाली. मग अण्णाभाऊ एकट्या तिच्या घरच्या भिंतीवर का? मित्र-मैत्रिणींनो, याला फक्त माझी शाळा जबाबदार नाही. मीही कधी विचारलं नाही, हे मान्य करायला हवं.

गॅदरिंगच्या दिवशी आम्ही पाच जणी स्टेजवर गेलो. डफ चांगला तापवला होता. अर्ध्यावर, जिथे मैना म्हणजे मुलूख होतो तिथे, माझ्या रूममेटचा आवाज भरून आला आणि पुढची ओळ निघेना. मागून आम्ही चौघींनी झील लांबवली. एकदा, दोनदा, तीनदा. माझा 'ळ' चुकायची भीती नव्हती, त्यात 'ळ' नाहीच! तिने श्वास घेतला आणि ओळ उचलली. समोर बसलेल्यांना वाटलं, गाणं असंच असतं.

मला पुढच्या वर्षीही मागच्याच रांगेत उभं राहायचं आहे.