दहाव्या वर्षी शाळा सुटलेला पृथ्वीप्रदक्षिणा करणारा खलाशी – जोशुआ स्लोकम



रेखावृत्ते शिकवताना वर्गात एक प्रश्न हमखास येतो. नकाशावर या रेषा छापलेल्या दिसतात, पण भर समुद्रात माणसाला कसं कळणार की आपण कोणत्या रेषेवर आहोत? प्रश्न अगदी रास्त आहे. पुस्तकातली व्याख्या पुन्हा वाचून दाखवली तर मुलं मान हलवतात, पण त्यांना काही पटलेलं नसतं. मी या ठिकाणी एका माणसाची गोष्ट सांगते. कोलंबस, मॅगेलन, वास्को-द-गामा ही नावं मुलांना पाठ असतात. त्यांच्याबरोबर जहाजभर माणसं होती. हा माणूस मात्र एकटाच निघाला होता.

जोशुआ स्लोकमचा जन्म 20 फेब्रुवारी 1844 रोजी कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया या भागात झाला. एकूण अकरा भावंडं. तो आठ वर्षांचा असताना कुटुंब ब्रायर आयलंड नावाच्या लहानशा बेटावर राहायला आलं. वडील बूट तयार करायचे. कोळ्यांना लागणारे जाड चामड्याचे बूट. जोशुआ दहा वर्षांचा झाला आणि वडिलांनी त्याला शाळेतून काढून दुकानात बसवलं. त्याची शाळा तिथेच संपली.

दुकानाला तळघर होतं. तिथे हा मुलगा चोरून एक छोटं जहाज करत बसायचा. लाकूड तासून, दोऱ्या ओवून. एक दिवस वडिलांनी ते पाहिलं आणि काम सोडून खेळतो म्हणून फोडून टाकलं. हा प्रसंग वाचताना माझा हात थांबतो. वडील दुष्ट नव्हते, घरात खाणारी तोंडं बरीच होती. पण पालकांनी हा प्रसंग दोनदा वाचावा असं मला वाटतं. चौदाव्या वर्षी मुलगा घरातून पळाला आणि मासेमारीच्या एका बोटीवर स्वयंपाक्या म्हणून लागला. सोळाव्या वर्षी आई वारली, मग त्याने घर कायमचंच सोडलं.

जहाजावर मिळेल त्या पुस्तकातून तो वाचत राहिला. नौकानयनाचं गणित शिकला आणि अठराव्या वर्षी ब्रिटिश सरकारी परीक्षा देऊन जहाजावरचा अधिकारी झाला. पुढे अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं, पंचविशीत कॅप्टन झाला. 1871 मध्ये सिडनीत व्हर्जिनिया वॉकर हिच्याशी लग्न केलं आणि ती लगेच त्याच्याबरोबर जहाजावर आली. त्यांना सात मुलं झाली, सगळी समुद्रावर नाहीतर परक्या बंदरात. त्यातली चारच जगली. जहाज हेच घर, आणि जहाजावरच शाळा. शिकवणारी व्हर्जिनिया.

1884 मध्ये ब्वेनोस आइरेस बंदरात व्हर्जिनिया वारली. तेव्हा ती पस्तिशीचीही नव्हती. त्यानंतर स्लोकमचं काही नीट जुळलं नाही. दोन वर्षांनी त्याने हेन्रिएटा या नात्यातल्या मुलीशी दुसरं लग्न केलं. 1887 च्या अखेरीस ब्राझीलच्या किनाऱ्यावर त्याचं स्वतःचं जहाज वाळूत रुतून फुटलं. जहाजाचा विमा नव्हता. बायको, दोन मुलं आणि खिसा रिकामा. मग त्याने फुटक्या जहाजातून वाचलेलं सामान आणि तिथल्या जंगलातलं लाकूड घेऊन 35 फुटांची एक नाव तयार केली. शिडं हेन्रिएटाने शिवली. ती नाव ज्या दिवशी पाण्यात उतरली तो 13 मे 1888. त्याच दिवशी ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. म्हणून नावेचं नाव ठेवलं ‘लिबरदादे’, म्हणजे स्वातंत्र्य. त्या नावेतून चौघं साडेपाच हजार मैल कापून अमेरिकेला पोचले. हेन्रिएटा नंतर कधी त्याच्याबरोबर लांबच्या प्रवासाला गेली नाही. तिला नावं ठेवायला आपण कोण!

आता खरी अडचण बघा. स्लोकमला जे येत होतं ते म्हणजे शिडाची जहाजं चालवणं. आणि जगाला आता वाफेची जहाजं हवी होती. पन्नाशीला आलेला, पंचवीस वर्षांचा अनुभव असलेला कॅप्टन बेकार झाला. आज एखाद्या टायपिस्टचं किंवा छापखान्यातल्या खिळे जुळवणाऱ्याचं झालं ना, तसंच. अशा वेळी एका ओळखीच्या म्हाताऱ्या कॅप्टनने त्याला एक बोट देऊ केली. थोडी डागडुजी लागेल म्हणाला. जाऊन बघतो तर बोट चक्क शेतात, टेकू लावून, वर कापड टाकलेली, कित्येक वर्षं तशीच पडलेली! नाव ‘स्प्रे’, म्हणजे लाटेचे तुषार. गावकऱ्यांना वाटलं हा ती मोडून विकणार. त्याने मात्र शेजारचं ओकचं झाड तोडलं आणि एकेक फळी बदलत तेरा महिन्यांत बोट नव्याने उभी केली. खर्च 553 डॉलर 62 सेंट. लांबी 36 फूट 9 इंच, म्हणजे साधारण आपल्या एसटी बसएवढी. इंजिन नाही.

24 एप्रिल 1895 रोजी, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, स्लोकम बॉस्टनहून एकटा निघाला. त्याला पोहता येत नव्हतं हे मुलांना सांगितलं की ती अवाक होतात.

इथे घड्याळ येतं, आणि आपला भूगोलाचा धडाही. पृथ्वी 24 तासांत 360 अंश फिरते, म्हणजे तासाला 15 अंश, चार मिनिटांना एक अंश. आपल्या जागी दुपारचे बारा वाजले तेव्हा ग्रीनिचला किती वाजले हे कळलं की रेखांश निघाला. पण त्यासाठी ग्रीनिचची वेळ दाखवणारं अचूक घड्याळ जवळ हवं. घड्याळ चार मिनिटं चुकलं तर विषुववृत्तावर 111 किलोमीटर चुकलात. म्हणून जहाजांवर क्रोनोमीटर नावाचं महागडं घड्याळ असायचं. स्लोकमजवळ तसं एक जुनं होतं, पण त्याच्या दुरुस्तीला 15 डॉलर पडणार होते. ते त्याने ठेवून दिलं आणि वाटेत एका बंदरात पत्र्याचं साधं घड्याळ घेतलं. किंमत दीड डॉलर. तबकडी फुटलेली म्हणून दुकानदाराने एका डॉलरला दिलं. पुढे त्याचा मिनिटकाटाही गळून पडला. बंद पडलं तेव्हा त्याने ते उकळत्या पाण्यात घातलं आणि ते पुन्हा तास दाखवू लागलं!

अशा घड्याळावर रेखांश निघत नाही. मग तो कसा चालला? रोजचा वेग, दिशा आणि गेलेला वेळ यांचा अंदाज ठेवून. आणि एकदा त्याने आकाशातलं घड्याळ वापरलं. चंद्र ताऱ्यांमधून हळूहळू सरकत असतो. चंद्र आणि सूर्य किंवा एखादा तारा यांच्यामधला कोन मोजला, की छापील कोष्टकांवरून ग्रीनिचची वेळ काढता येते. गणित किचकट आहे. मोठ्या जहाजावर यासाठी दोन-तीन माणसं एकदम मोजमापं घेत. पॅसिफिक महासागरात, हुआन फर्नांडिस बेट सोडून त्रेचाळीस दिवस झाल्यावर, स्लोकमने हे एकट्याने केलं. उत्तर आलं ते त्याच्या अंदाजापेक्षा शेकडो मैल पश्चिमेला. तासाभराने अगदी काळजीपूर्वक पुन्हा मोजलं. उत्तर तेच.

आपला विद्यार्थी इथे काय करेल? पुस्तकातलं बरोबर आणि आपलं चूक असं धरून मोकळा होईल. आपणही बहुधा तेच करू. स्लोकमने मोजमापं तपासली, बेरजा-वजाबाक्या तपासल्या आणि मग छापील कोष्टकाकडे वळला. चूक कोष्टकात होती! लॉगच्या रकान्यातला एक आकडा चुकीचा छापलेला होता. तो दुरुस्त केल्यावर उत्तर त्याच्या अंदाजाशी जुळलं, आणि मार्केसस बेटसमूहातलं नुकू हिवा बेट समोर दिसत होतंच. शाळेत जेमतेम दहाव्या वर्षापर्यंत गेलेला माणूस, चारी बाजूंना पाणी, विचारायला कोणी नाही. वर्गात सांगायला या प्रवासातली एवढी एकच गोष्ट निवडायची झाली तर मी हीच निवडेन, वादळं नाही.

वादळं मुलांना आवडतात म्हणून तीही सांगावीत. समुद्री लुटारूंची भीती म्हणून जिब्राल्टरहून त्याने दिशाच बदलली आणि दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडून पश्चिमेला गेला. मॅगेलनच्या सामुद्रधुनीत आणि आसपास त्याचे दोन महिने गेले. तिथे एका ओळखीच्या माणसाने त्याला पिशवीभर छोटे टोकदार खिळे दिले, आपल्याकडे बूट-चपला शिवणारे कारागीर वापरतात तसल्या चुका. झोपताना तो त्या डेकवर पसरून ठेवायचा. एका मध्यरात्री तिथले आदिवासी अनवाणी बोटीवर चढले आणि ओरडत पळाले. मुलं या ठिकाणी खूप हसतात. मी एवढंच जोडते की ही गोष्ट फक्त स्लोकमने सांगितलेली आहे, आणि त्याच काळात त्या भागात मेंढ्यांच्या कुरणांसाठी गोरे लोक आदिवासींच्या जमिनी बळकावत होते.

बोट इतकी तोलदार होती की सुकाणू बांधून ठेवलं तरी दिशा सोडत नसे. हिंदी महासागरातल्या कीलिंग बेटांपर्यंतचे 2,700 मैल तिने 23 दिवसांत कापले आणि त्यात सुकाणूला त्याचा हात सगळा मिळून तीन तासही लागला नाही. बाकी वेळ तो वाचायचा.

दक्षिण आफ्रिकेत त्याची प्रिटोरियाला अध्यक्ष पॉल क्रूगर यांच्याशी भेट झाली. हा गृहस्थ जगाभोवती फिरतोय अशी कोणीतरी ओळख करून दिली. क्रूगर यांची श्रद्धा पृथ्वी सपाट असल्याची. त्यांनी तिथल्या तिथे दुरुस्ती केली, की जगाभोवती कसं फिरणार, जगात फिरतोय म्हणा. बरोबरचे लोक ओशाळले, स्लोकमला मात्र मजा वाटली. तो वाद घालत बसला नाही. केप टाउनला एक दिवस तो तिथल्या प्रसिद्ध वेधशाळेत खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड गिल यांचा पाहुणा होता.

पुढे सेंट हेलेना बेटावर कोणीतरी त्याला एक बकरी भेट दिली. तिने दोरखंड खाल्ले, टोपी खाल्ली आणि शेवटी वेस्ट इंडीजचा नकाशाच खाऊन टाकला! असेन्शन बेटावर तिला उतरवून तो पुढे निघाला, नकाशाशिवाय. त्याच बेटावर त्याने बोटीची रीतसर तपासणीही करून घेतली, बोटीत दुसरा कोणी माणूस लपलेला नाही असा पुरावा राहावा म्हणून.

27 जून 1898 रोजी तो अमेरिकेत न्यूपोर्टला पोचला. तीन वर्षं, दोन महिने, दोन दिवस. 46,000 मैल. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो पहिला माणूस. 1900 मध्ये आलेलं त्याचं प्रवासाचं पुस्तक आजही छापलं जातं. आपल्याकडे हे पहिल्यांदा घडायला 2010 साल उजाडलं. नौदलातले कमांडर दिलीप दोंदे ऑगस्ट 2009 मध्ये मुंबईहून निघाले आणि मे 2010 मध्ये मुंबईलाच परतले, गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून. मुलांना हे नाव जवळचं वाटतं, म्हणून दोन्ही गोष्टी एकत्र सांगाव्यात.

आता जे मुलांना सांगायचं नाही, पण आपल्याला माहीत हवं ते. स्लोकम कडक, प्रसंगी कठोर माणूस होता. एका अधिकाऱ्याला जहाजावर कोंडून ठेवल्याबद्दल त्याला दंड झाला होता. खलाशांच्या एका बंडात त्याच्या गोळीने एक माणूस मेला, न्यायालयाने स्वसंरक्षण म्हणून सोडलं. आणि 1906 मध्ये न्यू जर्सी राज्यात एका बारा वर्षांच्या मुलीशी गैरवर्तन केल्याच्या आरोपावरून त्याला अटक झाली. डॉक्टरी तपासणीनंतर मूळचा गंभीर आरोप सौम्य करण्यात आला. त्या आरोपाला त्याने विरोध केला नाही, आणि 42 दिवस तुरुंगात काढून तो सुटला. काही चरित्रलेखक याला म्हातारपणातलं विस्मरण, मनाचा तोल जाणं म्हणतात. शिक्षक म्हणून मला ती मुलगी आधी आठवते. त्यामुळे ‘आदर्श व्यक्तिमत्त्व’ या मथळ्याखाली मी स्लोकमचा फोटो भिंतीवर लावत नाही. त्याचं गणित शिकवते.

मार्थाज व्हिनयार्ड बेटावर त्याने थोडी शेती घेतली होती, पण ती त्याला मानवली नाही. हिवाळा आला की तो ‘स्प्रे’ घेऊन उबदार समुद्राकडे जायचा. बोट आता जुनी, दोरखंड कुजके, डागडुजी रखडलेली. नोव्हेंबर 1909 मध्ये, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, तो दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांकडे जातो असं सांगून निघाला. त्यानंतर त्याला किंवा त्याच्या बोटीला कोणी पाहिलं नाही. त्याच्या थोरल्या मुलाला वाटायचं की रात्री एखाद्या वाफेच्या जहाजाखाली बोट आली असावी. कायद्याने त्याला मृत ठरवायला 1924 साल उजाडलं.