विश्लेषण : एव्हरेस्टपासून २७५ मीटरवरून मागे फिरलेले एडवर्ड नॉर्टन कोण होते?

एव्हरेस्टच्या इतिहासात १९२४ हे साल जॉर्ज मॅलरी आणि अँड्रयू अर्विन यांच्या नावाने ओळखले जाते. ८ जूनला शिखराकडे निघालेले हे दोघे परतलेच नाहीत. ते माथ्यावर पोहोचले होते का, हा वाद शंभर वर्षांनंतरही मिटलेला नाही. पण त्याच मोहिमेत, चार दिवस आधी, एक लष्करी अधिकारी कृत्रिम ऑक्सिजनशिवाय ८,५७३ मीटरपर्यंत गेला आणि जिवंत परतला. ते होते मोहिमेचे नेते लेफ्टनंट कर्नल एडवर्ड नॉर्टन.

तोफखान्यातून हिमालयात

नॉर्टन यांचा जन्म १८८४ मध्ये अर्जेंटिनात झाला. गिर्यारोहण आईच्या घराण्यातून आले. आजोबा सर आल्फ्रेड विल्स न्यायाधीश होते आणि आल्प्समधील नावाजलेले गिर्यारोहकही. फ्रान्समधील त्यांच्या डोंगरातल्या घरी नातवाचे पाय तयार झाले. पुढे ब्रिटिश तोफखान्यात भरती, भारतात नोकरी, पहिल्या महायुद्धात शौर्यपदके. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत मॅलरी आणि डॉ. हॉवर्ड सॉमरवेल यांच्यासह ते ८,२०० मीटरच्या वर पोहोचले. फावल्या वेळात ते जलरंगात चित्रे काढत आणि वनस्पतींचे नमुने गोळा करत.

चार भारवाहकांसाठी चढाई थांबवली

१९२४ च्या मोहिमेचे नेते जनरल चार्ल्स ब्रूस होते. तिबेटच्या वाटेवर ते हिवतापाने आजारी पडले आणि सूत्रे नॉर्टन यांच्याकडे आली. मे महिन्यात वादळी हवामानात चार भारवाहक नॉर्थ कोल या खिंडीवरच्या छावणीत अडकले. दोन वर्षांपूर्वी याच उतारावर हिमस्खलनात सात भारवाहकांचा बळी गेला होता. नॉर्टन यांनी शिखराचा बेत बाजूला ठेवला आणि मॅलरी व सॉमरवेल यांना घेऊन स्वतः वर गेले. उताराचा सर्वांत धोकादायक टप्पा सॉमरवेल यांनी दोराला बांधून पार केला, तर दोर काही फुटांनी कमी पडला. दोन भारवाहक घसरले आणि नशिबाने मऊ बर्फात थांबले. अखेर चौघेही खाली आले. त्या काळच्या मोहिमांत भारवाहकांच्या जिवाची किंमत किती धरली जाई, हे लक्षात घेतले तर या निर्णयाचे वजन कळते. या धावपळीत तिघा प्रमुख गिर्यारोहकांची ताकद मात्र खर्ची पडली.

४ जूनला नेमके काय घडले?

नॉर्टन आणि सॉमरवेल सुमारे ८,१७० मीटरवरच्या छावणीतून सकाळी निघाले. तीन शेर्पांनी आदल्या दिवशी तिथवर सामान पोहोचवले होते. इतक्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम एक तृतीयांश उरतो, म्हणजे प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजनही तेवढाच. दुपारच्या सुमारास घशाच्या त्रासाने सॉमरवेल थांबले. नॉर्टन एकटेच पुढे गेले. कौलांसारखे एकावर एक उतरते खडक, त्यांवर भुसभुशीत बर्फ आणि कमरेला दोर नाही. गॉगल काढल्याने त्यांना एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या होत्या. तासाभरात ते जेमतेम तीस मीटर वर सरकले. दुपारी एकच्या सुमारास त्यांनी हिशेब केला: माथा गाठून उजेडात परतणे शक्य नाही. ते वळले. त्या ठिकाणाची अचूक उंची नंतर थिओडोलाइटने मोजण्यात आली.

उतरताना मागे असलेल्या सॉमरवेल यांचा श्वास घशात अडकला. पुढे गेलेल्या नॉर्टन यांना त्याचा पत्ताच नव्हता. सॉमरवेल यांनी स्वतःच्या छातीवर जोर देऊन अडथळा खोकून बाहेर काढला आणि ते वाचले. हेच डॉक्टर पुढे त्रावणकोरमधील नेय्यूरच्या रुग्णालयात अनेक वर्षे रुग्णसेवा करत राहिले. नॉर्टन यांना त्या रात्री हिमांधत्व आले. सुमारे ६० तास त्यांना काही दिसत नव्हते आणि त्याच अवस्थेत त्यांनी मॅलरी व अर्विन यांना निरोप दिला.

दोघे परतले नाहीत तेव्हा नोएल ओडेल यांनी वर जाऊन शोध घेतला. मग नॉर्थ कोलवर ब्लँकेटे क्रूसाच्या आकारात पसरून खाली खूण करण्यात आली: काहीही सापडले नाही. उत्तरादाखल नॉर्टन यांनी खाली ब्लँकेटांच्या तीन ओळी मांडायला लावल्या. शोध थांबवा, खाली या, असा त्याचा अर्थ होता. आणखी जीव धोक्यात घालायचे नाहीत, एवढे त्यांनी ठरवले होते.

विक्रम किती टिकला?

उंचीची ही निर्विवाद नोंद २८ वर्षे कोणी ओलांडली नाही. १९५२ मध्ये स्विस मोहिमेतील रेमंड लँबर्ट आणि तेनझिंग नोर्गे त्याहून थोडे वर गेले. कृत्रिम ऑक्सिजन अजिबात न वापरता शिखर गाठले ते राइनहोल्ड मेसनर आणि पीटर हाबेलर यांनी, १९७८ मध्ये. दोन वर्षांनी मेसनर एकट्याने उत्तरेकडून चढले, ते नॉर्टन जिथून परतले होते त्याच घळीतून. तिला आज नॉर्टन कुलुआर म्हणतात.

नॉर्टन पुन्हा एव्हरेस्टवर गेले नाहीत. १९४०-४१ मध्ये त्यांनी काही महिने हाँगकाँगचे प्रभारी गव्हर्नर म्हणून काम पाहिले. लेफ्टनंट जनरल हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या या अधिकाऱ्याचे नोव्हेंबर १९५४ मध्ये निधन झाले. एव्हरेस्ट सर झाल्याची बातमी त्यांनी सुमारे दीड वर्ष आधी ऐकली होती.