भाषा जपणारे कार्डिनल

सेमिनरीत आम्ही लॅटिन शिकलो, गुणही बरे मिळवले. आज एखाद्या ओळीचा अर्थ लावायचा तर शब्दकोश शोधावा लागतो. वेळ मिळत नाही, ही आमची ठरलेली सबब. कार्डिनल जुझेप्पे मेझोफांती ह्यांचे चरित्र वाचले की ती लंगडी वाटू लागते.

१७७४ साली इटलीतील बोलोन्या शहरात एका सुताराच्या घरी त्यांचा जन्म झाला. १७९७ मध्ये गुरुदीक्षा झाली, त्याच वर्षी विद्यापीठात अरबी शिकवण्याचे काम मिळाले. पण नव्या राजवटीशी निष्ठेची शपथ घ्यायला त्यांनी नकार दिला आणि नोकरी गेली. घर चालवण्यासाठी शिकवण्या धरल्या. युद्धात जखमी झालेले परदेशी सैनिक तेव्हा शहरातील इस्पितळांत पडून होते. हंगेरियन, जर्मन, स्लाव्ह. मरणाऱ्याचे पापनिवेदन दुभाष्यामार्फत कसे ऐकणार? मेझोफांती खाटेशी बसत, ओळखीच्या प्रार्थना त्याच्याकडून त्याच्या भाषेत म्हणवून घेत आणि शब्दाला शब्द जुळवीत जात.

१८३१ मध्ये ते रोमला गेले. पुढे व्हॅटिकन ग्रंथालयाची जबाबदारी आली, १८३८ मध्ये कार्डिनलपद आले. तरी प्रोपगांडा कॉलेजात जाऊन देशोदेशींच्या विद्यार्थ्यांशी त्यांच्याच भाषेत गप्पा मारणे त्यांनी सोडले नाही. शिकलेली भाषा ताजी राहिली ती अशी. त्यांचे चरित्रकार रसेल ह्यांनी १८५८ साली अशा तीस भाषा मोजल्या. ग्रंथ मात्र त्यांनी जवळजवळ लिहिलेच नाहीत. विद्वानांनी त्याबद्दल नावे ठेवली. आम्हांला ते फारसे खटकत नाही. १५ मार्च १८४९ रोजी रोममध्ये त्यांचे निधन झाले.