गणिती दामोदर कोसंबी

मुलांनो, संगणकाच्या पडद्यावर जे चित्र आपणांस दिसते, ते संगणकाच्या दृष्टीने केवळ आकड्यांची एक प्रचंड रास असते. त्या राशीतील महत्त्वाचे तेवढे निवडून घेण्याची एक गणिती रीत आहे. ती प्रथम मांडणाऱ्यांत एका गोमंतकीय विद्वानाची गणना होते. त्यांचे नाव दामोदर धर्मानंद कोसंबी.

दामोदरांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. त्यांचे वडील धर्मानंद हे पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे थोर अभ्यासक होते. ज्ञानासाठी घरदार सोडून ते देशोदेशी हिंडले होते. आयुष्याच्या अखेरीस ते वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथे येऊन राहिले आणि १९४७ साली तेथेच त्यांनी देह ठेवला. पित्याची ही ज्ञानतृष्णा पुत्राच्या ठायीही पुरेपूर उतरली.

१९१८ साली धर्मानंद अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात गेले, तेव्हा अकरा वर्षांच्या दामोदरांनाही त्यांनी बरोबर नेले. परक्या देशात, परक्या भाषेत शिकून दामोदरांनी १९२९ साली हार्वर्डची पदवी उत्तम प्रकारे संपादन केली. मायदेशी परतल्यावर त्यांनी बनारस व अलीगढ येथे अध्यापन केले आणि १९३३ पासून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले.

तेथे असतानाच, १९४३ साली, त्यांनी एक महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. त्यातील कल्पना एका उदाहरणाने समजेल. समजा, वर्ध्याच्या एखाद्या शाळेने जून ते सप्टेंबरपर्यंतचा पाऊस रोज मोजून ठेवला. एका वर्षाचे १२२ आकडे होतील आणि ५० वर्षांचे ६,१००. प्रत्येक वर्षाचा आलेख निराळा दिसेल. तरीही नीट पाहिले, तर काही मूळ वळणे त्यांत पुन्हा पुन्हा आढळतील. कधी पाऊस आरंभीच जोर धरतो, कधी श्रावणात ओढ देतो, तर कधी शेवटी भरपाई करतो. ही मूळ वळणे एकदा शोधून काढली, की प्रत्येक वर्षात कोणते वळण किती प्रमाणात आहे, एवढे थोडे आकडे पुरतात. त्यांवरून पावसाची स्थूल चाल पुन्हा रेखाटता येते. अशी वळणे शोधण्याचे गणित कोसंबींनी मांडले. पुढे काही वर्षांत कार्हुनेन आणि लोएव्ह या युरोपीय गणितज्ञांनी तेच स्वतंत्रपणे मांडले.

१९४५ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कोसंबींची नेमणूक झाली. पुण्याचे घर न सोडता ते दख्खनच्या राणीने मुंबईस जात-येत असत. गणकयंत्रांचा अभ्यास करण्यासाठी १९४८-४९ मध्ये ते इंग्लंड-अमेरिकेस गेले. त्या वेळी ही यंत्रे नुकतीच जन्माला आली होती आणि एकेक यंत्र सबंध दालन व्यापीत असे.

कोसंबींची बुद्धी एकाच विषयात रमणारी नव्हती. प्राचीन नाणी हजारोंनी तोलून, त्यांच्या झिजेवरून ती किती काळ चलनात होती, याचा त्यांनी हिशेब केला. भर्तृहरीच्या सुभाषितांचे त्यांनी चिकित्सक संपादन केले. भारताच्या इतिहासावरील त्यांचे ग्रंथही विख्यात आहेत.

परंतु त्यांची वाट सुखाची नव्हती. गणितातील एक अतिशय अवघड प्रश्न आपण सोडविला, असे त्यांनी जाहीर केले. पण ती सिद्धता टिकली नाही. १९६२ साली संस्थेतील त्यांची नोकरीही संपली. तरी त्यांचे वाचन-लेखन खंडले नाही. २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

१९४३ चा तो निबंध त्या काळी फारसा कोणाच्या लक्षात आला नाही. इतकी आकडेमोड हातांनी करणे अत्यंत कष्टाचे होते. पुढे वेगवान संगणक आले आणि त्या गणिताचे चीज झाले. चित्रे थोड्या आकड्यांत साठविणे, छायाचित्रातील चेहरा ओळखणे, वाहत्या हवेतील भोवऱ्यांचा अभ्यास करणे, अशा कामी आज ही रीत उपयोगी पडते आणि तिच्या नावात कोसंबींचे नावही घेतले जाते.

यंत्र आकडेमोड झपाट्याने करते. परंतु कोणती आकडेमोड करावयाची, हे माणसाला आधी विचाराने ठरवावे लागते. कोसंबींनी तो विचार कागद आणि लेखणी यांच्या बळावर केला. पेरणाऱ्याला पीक पाहावयास मिळाले नाही, तरी पेरलेले बी वाया गेले नाही.