मिनँडर : मुखवट्यांमागील माणसे

मिनँडर हे नाव आपल्याकडे मिलिंद राजाशी निगडित आहे. प्रस्तुत मिनँडर त्याच्याही शतकाहून अधिक आधीचा, अथेन्सचा सुखात्मिकाकार होय. त्याचा जन्म इ. स. पूर्व ३४२च्या सुमारास झाला. पुढे काही वर्षांतच, इ. स. पूर्व ३३८मध्ये, मॅसिडोनियाने अथेन्सचा पराभव केला. ॲरिस्टोफेनिसच्या काळातील राजकीय उपहास मागे पडून सुखात्मिका घराच्या उंबरठ्याशी आली. या घरगुती सुखात्मिकेची सूत्रे मिनँडरच्या हाती आली.

स्वभावचित्रे लिहिणाऱ्या थिओफ्रास्टसचा तो शिष्य होता, असे परंपरा सांगते. त्याने शंभरांहून अधिक नाटके लिहिली. पारितोषिके मात्र आठच मिळाली. समकालीन प्रेक्षकांनी अनेकदा फिलेमोन या प्रतिस्पर्ध्याला कौल दिला. अथेन्सचा शासक डेमेट्रिअस याच्याशी असलेली मैत्री, तो इ. स. पूर्व ३०७मध्ये पदच्युत झाल्यावर, मिनँडरच्याही अंगाशी येऊ पाहत होती. इ. स. पूर्व २९०च्या सुमारास त्याचे निधन झाले.

तापट म्हातारा, धूर्त गुलाम, बढाईखोर सैनिक, गणिका, आयतोबा हे ठरीव मुखवटे त्याने टाकून दिले नाहीत. त्यांच्याविषयीची प्रेक्षकांची अपेक्षा मात्र हेतुतः चुकविली. ‘सामिया’तील क्रिसिस ही पूर्वाश्रमीची गणिका दुसरीचे मूल आपले म्हणून सांभाळते. ते मूल तिला आपल्या दत्तक पुत्रापासून झाले, असा समज करून घेऊन डेमेआस तिला घराबाहेर काढतो. गणिका म्हणजे कुलनाशिनी, हा संकेतच त्याला फसवितो. मुखवट्यावरून माणूस ओळखण्याची चूक येथे पात्राकडून होते आणि प्रेक्षकही आत्मपरीक्षणास प्रवृत्त होतो. संशयातून उद्भवणाऱ्या गृहकलहाचा हा प्रकार देवलांच्या ‘संशयकल्लोळ’च्या वाचकास अपरिचित वाटू नये, अर्थात हे साम्य प्रकृतीचे आहे, प्रत्यक्ष ऋणाचे नव्हे.

मृत्यूनंतर त्याची कीर्ती वाढली. टेरेन्सच्या सहापैकी चार नाटकांना त्याचाच आधार आहे. परंतु मध्ययुगात मूळ संहिता लुप्त झाल्या आणि शतकानुशतके तो रोमन रूपांतरांतून व सुभाषितांतूनच ओळखला गेला. इजिप्तमध्ये १९०५ साली सापडलेल्या पपायरसाने त्याच्या नाटकांचे मोठे अंश परत दिले. ‘डिस्कोलोस’ हे जवळजवळ संपूर्ण नाटक तर १९५८ साली प्रकाशात आले. ‘सामिया’चा बराचसा भाग १९६९ साली उपलब्ध झाला. तोपर्यंत सुभाषितकाराचा मुखवटा खुद्द मिनँडरच्याच चेहऱ्यावर होता. संहितेवाचून केलेले मूल्यमापन किती अपुरे ठरते, याचा हा बोलका दाखला होय.