भूकंपाचा माग काढणारे जॉन मिल्न

विद्यार्थी मित्रांनो, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले. त्या पहाटेची आठवण घरातील वडीलधाऱ्यांना अवश्य विचारा. धक्का बसला की प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न असतो : भूकंप झाला कुठे? या प्रश्नासाठी आयुष्य वेचणाऱ्या एका शास्त्रज्ञाची ही ओळख.

जॉन मिल्न यांचा जन्म १८५० मध्ये इंग्लंडातील लिव्हरपूल येथे झाला. भूशास्त्र व खाणकामाचे प्राध्यापक म्हणून ते १८७६ मध्ये टोकियोला गेले. १८८० मध्ये योकोहामाला मोठा धक्का बसला आणि त्याच वर्षी त्यांच्या पुढाकाराने तेथे भूकंपशास्त्र संस्था स्थापन झाली. ईविंग व ग्रे या सहकाऱ्यांसह त्यांनी भूकंपलेखक यंत्रे सिद्ध केली.

पण गावोगाव यंत्रे कोठून आणायची? मिल्न यांनी टोकियोभोवतालच्या गावांतील सरकारी कचेऱ्यांकडे पोस्टकार्डांचे गठ्ठे पाठवले. जाणवलेल्या धक्क्यांची नोंद करून दर आठवड्याला एक कार्ड धाडायचे, एवढीच विनंती! कार्डे जुळवली तेव्हा कळले की बहुतेक धक्के उत्तरेकडून व पूर्वेकडून येतात आणि मोठी डोंगररांग क्वचितच ओलांडतात.

१८९५ मध्ये आगीत त्यांचे घर, वेधशाळा आणि ग्रंथसंग्रह जळून गेला. मिल्न खचले नाहीत. जपानी पत्नी टोने यांच्यासह ते इंग्लंडच्या वाइट बेटावर गेले आणि तेथून त्यांनी जगभर यंत्रांचे जाळे विणले. त्यांचे एक यंत्र मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतही बसले.

जाळे कशासाठी? वीज चमकल्यावर गडगडाट जितका उशिरा, तितकी वीज दूर. भूकंपाचीही एक लहर वेगाने येते, दुसरी मागून. त्या दोहोंतील वेळेवरून अंतर समजते, पण एका ठाण्यावरून केवळ अंतरच. निदान तीन ठाण्यांची अंतरे नकाशावर वर्तुळांनी मांडली, की ती जेथे मिळतात तेथे भूकंपाचे स्थान सापडते.

३१ जुलै १९१३ रोजी मिल्न निवर्तले; त्यांचे काम पुढे चालू राहिले.

पालकहो, कार्ड भरणाऱ्या कारकुनाला आपली नोंद क्षुल्लक वाटली असेल. पण अशाच नोंदींतून नकाशा उभा राहिला. मुलांच्या हाती एक वही द्या. रोजचा पाऊस, रोजचे ऊन त्यांना वेळेवर आणि खरेपणाने लिहू द्या. शास्त्राचा पहिला धडा तोच आहे.